बोंडअळी टिकली, गिधाड का गेले?

एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"आमचे घर यवतमाळ जिल्ह्यात असून घरची कापसाची शेती आहे. मुलगा राज्य मंडळाच्या दहावीत शिकतो. विज्ञानाच्या दुसऱ्या भागातील 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिला पाठ शिकून आल्यापासून रोज जेवताना त्याचे आणि माझ्या सासऱ्यांचे वाजते. सासरे वारकरी आहेत, त्यांचे वाचन भरपूर आहे आणि शेती अजून तेच पाहतात. ते म्हणतात की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, दिल्लीच्या पुस्तकातून हा धडा काढून टाकला आहे, आणि त्यात जे खरे आहे ते दशावतारात आधीच सांगून झाले आहे. मुलगा त्यांना हसतो, ते मला आवडत नाही. परवा मात्र गिधाडांचा विषय निघाला आणि मुलगा म्हणाला, 'जे दुबळे ते संपणारच, हाच उत्क्रांतीचा नियम आहे, मग वाचवायचे कशाला?' त्यावर सासरे काही न बोलता ताटावरून उठले. मी कला शाखेची पदवीधर आहे. या दोघांपैकी कोणाला काय सांगू?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या सासऱ्यांच्या शंका जुन्या आणि प्रामाणिक आहेत, त्यांना उत्तरे आहेत, आणि पहिल्या शंकेचे उत्तर तर त्यांनी स्वतःच्या शेतात पाहिलेले आहे. मला अधिक काळजी वाटते ती चिरंजीवांच्या वाक्याची. ते वाक्य चुकीचे आहे, पण पाठ शिकलेल्या मुलाच्या तोंडचे असल्यामुळे ते तपासून पाहावे असे घरात कोणालाही वाटणार नाही. म्हणून आधी सासऱ्यांकडे वळतो आणि मग सविस्तरपणे मुलाकडे.

"कोणी पाहिले?" हा प्रश्न सासऱ्यांचा एकट्याचा नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी जाहीरपणे हेच म्हटले होते आणि देशातील तीनही प्रमुख विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्यांचे म्हणणे खोडून काढले होते. मात्र यवतमाळच्या कापूस उत्पादकाला अकादमीचे निवेदन वाचून दाखवण्याची गरज नाही. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसात घातल्यामुळे पऱ्हाटी स्वतःच अळीला मारक असे प्रथिन तयार करू लागली, फवारण्या कमी झाल्या आणि पहिली काही वर्षे बोंडे स्वच्छ निघाली. २००६ पासून दोन जनुकांचे वाण आले. त्यानंतर गुजरातेत २००९ च्या सुमारास पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आढळल्याची नोंद झाली, पुढे दुसरे जनुकही तिच्यापुढे निष्प्रभ ठरू लागले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात काय झाले, किती शेतांत डोमकळ्या (अळी आत शिरल्याने न उमललेली फुले) दिसल्या आणि किती किडकी बोंडे वेचावी लागली, हे सासरे माझ्यापेक्षा नेमके सांगू शकतील.

या पंधरा वर्षांत जे घडले तीच उत्क्रांती होय, आणि तिची यंत्रणा या उदाहरणात अगदी उघडी दिसते. कोट्यवधी अळ्यांपैकी काही थोड्या अळ्यांच्या जनुकांत आधीपासूनच असा बदल होता की ते मारक प्रथिन त्यांच्या आतड्याला नीट चिकटत नसे. बीटी नसलेल्या शेतात या बदलाचा त्यांना काहीच फायदा नव्हता, म्हणून त्या थोड्याच राहिल्या होत्या. बीटीच्या शेतात बाकीच्या मेल्या आणि याच उरल्या, त्यांचे पतंग एकमेकांशी जुळले, एका मादीने शंभराहून अधिक अंडी घातली, आणि एका हंगामात चार-पाच पिढ्या होत असल्याने तो बदल पिढीगणिक पसरत गेला. कोणत्याही एका अळीने प्रयत्न करून विष पचवायला शिकून घेतले असे झाले नाही. अळी बदलली नाही, अळ्यांची जमात बदलली.

बियाण्याच्या पाकिटाबरोबर येणारी ती नॉन-बीटीची लहान पिशवी सासऱ्यांना नक्की आठवत असेल. बीटीच्या शेताभोवती साध्या कापसाच्या ओळी लावल्या, तर त्यांवर विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी जुळतात आणि संततीतील बहुतेक अळ्या पुन्हा बीटीवर मरतात, असा त्यामागचा हिशोब होता. तो हिशोब डार्विनच्या विचाराशिवाय मांडताच येत नाही. आपल्याकडे त्या पिशव्या बहुधा बांधावर पडून राहिल्या, आणि फरदड घेण्याच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी शेतात उभी ठेवण्याच्या सवयीमुळे अळीला उन्हाळ्यापर्यंत खाद्य मिळत राहिले. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हिरवी बोंडअळी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी, तूर, हरभरा अशी अनेक पिके खाते, त्यामुळे बीटीला बळी पडणाऱ्या तिच्या पिढ्या बाहेर वाढत राहिल्या आणि तिच्यावर बीटीचा परिणाम बराच टिकून राहिला. गुलाबी बोंडअळी प्रामुख्याने कापसावरच जगते, म्हणून तीच आधी निसटली. दोन अळ्या एकाच शेतात आणि एकाच विषासमोर असूनही निकाल वेगळा लागला, आणि तो का लागला हे आधीच सांगता येण्यासारखे होते. याहून चांगला पुरावा प्रयोगशाळेतही सहज मिळत नाही.

यावर सासरे म्हणतील, आणि म्हणावेच, की अळी शेवटी अळीच राहिली, तिचे फुलपाखरू किंवा पक्षी झाला नाही. ही शंका रास्त आहे. पंधरा वर्षांत मोठा बदल दिसत नाही. त्यासाठी खडकांत उतरावे लागते, आणि तेथे मी त्यांना देवमाशाची गोष्ट सांगेन, कारण तिच्यातील काही महत्त्वाची पाने भारतीय उपखंडातच सापडली आहेत.

देवमासा मासा नाही. त्याला फुप्फुसे आहेत, तो पिलांना दूध पाजतो, त्याच्या वल्ह्यासारख्या परांत बोटांची हाडे आहेत, आणि त्याच्या शरीरात मागे, कशालाही न जोडलेली, कमरेच्या हाडांची लहानशी शिल्लक आहे. १८५९ मध्ये डार्विनने लिहिले होते की पाण्यात तोंड उघडे ठेवून किडे टिपत पोहणाऱ्या अस्वलापासून देवमाशासारखा प्राणी निर्माण होणे आपल्याला अशक्य वाटत नाही. लोकांनी त्याची इतकी थट्टा केली की पुढच्या आवृत्त्यांत त्याने ते वाक्य आवरते घेतले. अस्वल हा अंदाज चुकलाच होता, पण देवमाशाचा पूर्वज जमिनीवरचा चार पायांचा प्राणी असणार ही दिशा बरोबर होती. पाकिस्तानात सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत चार पायांचे आदिम देवमासे सापडले आणि त्यांच्या घोट्याचे हाड हरीण, डुक्कर, पाणघोडा या समखुरी प्राण्यांसारखे निघाले. कच्छमध्ये अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी मिश्र यांनी १९७०च्या दशकात त्यापुढच्या काळातील देवमाशांचे अवशेष नोंदवले. इजिप्तच्या वाळवंटात जे अवशेष मिळाले त्या देवमाशाचे शरीर पंधरा मीटरांहून लांब आहे, पण त्याला मागचे पाय आहेत, आणि ते जेमतेम अर्ध्या मीटरचे आहेत. चालण्यासाठी त्यांचा उपयोग असणेच शक्य नाही.

या मालिकेतील सुरुवातीचा एक दुवा जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथून आला. भूवैज्ञानिक रंगा राव यांनी तेथील दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या निधनानंतर पत्नीने ते दगड थेविसन या संशोधकाच्या हवाली केले, आणि ते साफ करताना एका कवटीचा तुकडा अपघाताने तुटला तेव्हा आतल्या कानाभोवतीचे हाड दिसले. त्या हाडाची एक बाजू देवमाशांमध्ये असते तशी जाड होती. प्राणी मात्र मांजराएवढा, हरणासारख्या सडपातळ पायांचा होता. त्याला इंडोहायस असे नाव मिळाले आणि २००७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. इकडे डीएनएची तुलना करणारे लोक या हाडांकडे न पाहताच त्याच निष्कर्षाला पोहोचले होते: आज जिवंत असलेल्या प्राण्यांत देवमाशांचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे. एकमेकांशी संबंध नसलेले दोन साक्षीदार एकच नाते सांगतात, तेव्हा न्यायालयही त्या साक्षीकडे दुर्लक्ष करत नाही.

दशावताराबद्दल मी सासऱ्यांशी वाद घालणार नाही, आणि मुलानेही घालू नये. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम पाहून अनेकांना उत्क्रांतीची आठवण झाली आहे. पण तो क्रम पुरावा म्हणून पुढे केला तर देवमासा अडचण करतो, कारण तो जमिनीवरून पुन्हा पाण्यात गेला आहे. उत्क्रांतीत खालून वर जाणारी शिडी नाही. परिस्थिती नेईल त्या बाजूला फांद्या फुटत जातात. वराह अवताराचे माहात्म्य इंडोहायसवर अवलंबून नाही. वारकरी माणसाला हे सांगावे लागेल असे मला वाटत नाही; बहुधा नातवाने हसल्यामुळेच ते त्या टोकाला गेले असावेत.

माकडाचा प्रश्न थोडक्यात सांगतो. आजच्या माकडापासून माणूस झाला असे कोणताही जीवशास्त्रज्ञ म्हणत नाही. चिंपांझी आणि आपण चुलत घराणी आहोत, आणि दोघांचा समान पूर्वज साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. चिंपांझी, गोरिला व ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या, म्हणजे जनुके वाहणाऱ्या डीएनएच्या धाग्यांच्या, २४ जोड्या असतात आणि आपल्यात २३. आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र त्यांच्या दोन गुणसूत्रांच्या जोडणीतून बनलेले आहे, आणि जे क्रम गुणसूत्राच्या टोकाला असायला हवेत ते त्याच्या मधोमध अजून वाचता येतात. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात. आपण, वानर आणि माकडे ते करू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारे एक जनुक आपणा सर्वांत बिघडलेल्या अवस्थेत पडून आहे. गिनीपिगमध्येही ते बिघडले आहे, पण निराळ्या तऱ्हेने. माणूस या नियमातून सुटलेला नाही हे विदर्भात तरी नवे वाटू नये: ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तेथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे जनुक अधिक आढळते, कारण ते एकाच पालकाकडून मिळाले तर मलेरियाच्या गंभीर आजारापासून बरेच संरक्षण मिळते आणि दोघांकडून मिळाले तर आजार जडतो.

दिल्लीच्या पुस्तकाचे म्हणाल, तर एनसीईआरटी या केंद्रीय पाठ्यपुस्तक संस्थेने अभ्यासक्रम हलका करताना दहावीच्या पुस्तकातील उत्क्रांतीचा भाग वगळला हे खरे आहे. १८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि अभ्यासकांनी २०२३ मध्ये पत्र लिहून त्याला विरोध केला. पण हा भाग चुकीचा आहे म्हणून काढला असे एनसीईआरटीनेही म्हटलेले नाही, आणि बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचे स्वतंत्र प्रकरण ठेवलेले आहे. तो निर्णय मला स्वतःला वाईट वाटला, कारण दहावीनंतर बहुतेक मुले जीवशास्त्राकडे पुन्हा वळतच नाहीत.

आता चिरंजीवांकडे येऊ. "जे दुबळे ते संपणार" या वाक्यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

नामशेष होणे नैसर्गिक आहे, एवढे त्याचे बरोबर आहे. पृथ्वीवर आजवर झालेल्या प्रजातींपैकी ९९ टक्क्यांहून अधिक आज नाहीत. त्याचा पुरावाही त्याच्या घराजवळच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे महाकाय डायनोसॉरांची हाडे आणि त्यांची दगड झालेली विष्ठा मिळते. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गवताच्या इतिहासाबद्दलची समजूत त्यामुळे बदलली. ते प्राणी ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, त्या वेळी मेक्सिकोजवळ एक मोठी उल्का आदळली होती आणि इकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता. आपल्या शेतातील काळी कापसाची जमीन त्याच लाव्ह्याच्या कातळाची झीज होऊन तयार झाली आहे. त्या संहारातून डायनोसॉरांची एक शाखा वाचली, ती म्हणजे पक्षी. गिधाड हे त्या वाचलेल्यांच्या वंशातले आहे, हे मुलाने एकदा मनाशी नीट धरावे.

दुसरी गोष्ट म्हणजे बलवान आणि दुबळे ही मोजपट्टीच येथे लागू पडत नाही. टिकतो तो त्या त्या परिस्थितीला जुळणारा. सडलेले मांस आणि अँथ्रॅक्सने मेलेले जनावरसुद्धा पचवणारे गिधाड कोणत्या अर्थाने दुबळे होते? १९९०च्या दशकापर्यंत भारतात ती लाखांनी होती. नंतर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांच्या आत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. प्रथम काही रोगाची शंका घेतली गेली, पण २००४ मध्ये कारण स्पष्ट झाले: गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेले जनावर खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. एकाच मढ्यावर डझनावारी गिधाडे उतरत असल्याने, शंभर मढ्यांपैकी एखाद्यात जरी ते औषध असले तरी एवढी घसरण होण्यास पुरेसे होते.

आता तिसरी आणि खरी गोष्ट. विष बोंडअळीलाही मिळाले आणि गिधाडालाही मिळाले. मग अळी का टिकली आणि गिधाड का नाही? अळी कोट्यवधींच्या संख्येत आहे, तिच्या वर्षात अनेक पिढ्या होतात, मादी शेकड्याने अंडी घालते, त्यामुळे उपयोगी ठरणारा दुर्मीळ बदल त्या गर्दीत कोठे तरी असतोच आणि झपाट्याने पसरतो. गिधाड वयात यायला साधारण पाच वर्षे घेते आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. दीर्घायुष्य आणि थोडी पिले हा त्याचा मार्ग लक्षावधी वर्षे उत्तम चालला, कारण तोवर मोठ्या गिधाडांना मारणारे फारसे काही नव्हते. ज्या संकटाची त्याच्या इतिहासात ओळखच नव्हती ते दहा-पंधरा वर्षांत येऊन ठेपल्यावर, निवड होण्यासाठी लागणाऱ्या पिढ्याच त्याला मिळाल्या नाहीत. माळढोकाचेही तेच आहे. तोही बहुधा एकच अंडे घालतो, त्याला समोरचे नीट दिसत नाही म्हणून विजेच्या तारांवर आदळतो, आणि देशभरात दीडशेहून कमी उरला आहे. वरोरा-भद्रावतीच्या माळांवर तो अगदी अलीकडेपर्यंत दिसत असे. उत्क्रांतीला वेळ आणि संख्या लागते. आपण दोन्ही काढून घेतो आणि वर निकालाला निसर्गनियम म्हणतो, ही हातचलाखी आहे. पृष्ठवंशी प्राणी गेल्या शतकात ज्या वेगाने नामशेष झाले तो वेग, अत्यंत जपून केलेल्या हिशोबातही, एरवीच्या वेगाच्या शंभरपटांपर्यंत जातो. मोठ्या संहारानंतर जीवसृष्टी पुन्हा भरते हे खरे, पण त्याला लक्षावधी वर्षे लागतात.

"मग वाचवायचे कशाला" याचे एक उत्तर रोकडे आहे. गिधाडे गेल्यावर मढी पडून राहिली, कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे पाच लाख माणसे जास्तीची दगावली असा अंदाज मांडला आहे. शिवाय हे नुकसान अटळही नव्हते. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास सुरू झाली, आणि तेथील पक्षी २०२४ मध्ये आपल्याकडे पेंच व ताडोबात आणले गेले.

तेव्हा आपण मध्यस्थ होऊन दोघांना समजावत बसू नये असे मी सुचवतो. मुलाला एक काम द्यावे: २००२ पासून घरच्या शेतात कोणते वाण लावले, किती फवारण्या झाल्या, नॉन-बीटीच्या ओळी कधी लावल्या, फरदड कोणत्या वर्षी ठेवली आणि डोमकळी पहिल्यांदा कधी दिसली, हे आजोबांना विचारून वहीत लिहून काढायचे. ही माहिती त्याच्या पुस्तकात नाही आणि शिक्षकांनाही ती देता येणार नाही. त्याच बैठकीत गावाबाहेर मेलेल्या बैलावर गिधाडे उतरत तेव्हा ती किती असत, हेही विचारू द्यावे. दहावीतल्या मुलाने ते दृश्य पाहिलेले असणे जवळजवळ अशक्य आहे. सासरे ताटावरून का उठले हे मला पत्रावरून कळत नाही, पण नातवाच्या हसण्यापेक्षा त्या गिधाडांविषयीच्या वाक्याने ते अधिक दुखावले असावेत, असा माझा तर्क आहे.

आणि गोठ्यातली औषधांची पेटी मुलाकडून एकदा तपासून घ्यावी. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये त्यांवरही निर्बंध आले. किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक ही दोन औषधे जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झाली. यांपैकी काही पेटीत निघाले तर ते वापरू नये, आणि पुढच्या वेळी पशुवैद्यांकडे मेलोक्सिकॅम मागावे. ते गुरांना चालते आणि गिधाडांना अपाय करत नाही.